टोपलीतलं करडू

—त्या बाकावर नको बसूस, त्याचा मागचा पाय कुजलाय, परवाच आमचे पाळक पडले त्यावरनं आणि वर मलाच म्हणतात, एसेरी, ही सैतानाची करणी. सैतान कशाला, वाळवी ती. इथं चटईवर बैस. आणि तो मोबाइल आधी पालथा घाल. पालथा. त्याचा डोळा माझ्याकडं नको. सांगते ना, सांगते, कंपालाहून आठ तास बसमध्ये हाडं मोडून घेत आलीस ती काय माझं थोबाड बघून परत जायला? पण आधी हे पी. ज्वारीची पेज आहे. आंबवलेली नाही, घाबरू नकोस, तारलेल्यांच्या घरात आंबवलेलं शिजत नाही. थंडी वाजतेय ना? वाजणारच. ह्या डोंगरावर दुपारपर्यंत ढग खाली उतरून बसलेला असतो, आणि तू आलीयस ही जाळीची बाही घालून. काय नाव म्हणालीस? शॅलन. कुठल्या डोंगरावरची तू? — कंपालातच जन्मलेली. मग तुला डोंगरच नाही. असो. आणि मला ‘मॅडम’ म्हणू नकोस बाई, मी काय कचेरीत बसते? इथं सगळे मला मेरबची आई म्हणतात. तिचं नाव घ्यायला जिभा जड होतात त्यांच्या, तरी म्हणतात, कारण दुसरं काही म्हणायची सवयच नाही.

तर ते प्रश्न परत वाच. सावकाश. मी चौथीपर्यंतच शिकलेली आहे, पण कान शाबूत आहेत. — एक, बाळासाठी किती वर्षं प्रार्थना केली. सात. लग्नानंतर सात वर्षं, सासू पानं टाकून कौल घेत नवऱ्याला दुसरी बघत होती तरी मी गुडघ्यावर. म्हणून तर तिचं घरचं नाव तुकामुशाबा, आमच्या बोलीत त्याचा अर्थ ‘मागून घेतलेली’. हे लिही, हे चांगलं आहे. — दोन, मुलीला विश्वासात कसं वाढवलं. वाढवलं म्हणजे? रताळं आहे का ते, माती ओढली की वाढलं? लिही — मारून वाढवलं. हे पडद्यावर चालायचं नाही? मग पुढं चल. — तीन. परत वाच. ‘नऊ वर्षांच्या मेरबला देवानं जे दर्शन दिलं, ते आईच्या तोंडून ऐकायचं आहे.’ हे कुणी लिहिलं? तिनं? — तुमच्या मोठ्या पाळकांनी. त्यांना कुणी सांगितलं ते दर्शनाचं? इथलाच कुणीतरी असणार, आमच्या डोंगरावरची अर्धी माणसं तुमच्या त्या चर्चमध्ये येऊन बसलीत. आणि मेरब काय म्हणाली? — ‘आईला विचारा. आई सांगेल ते.’ एवढंच? हसली का म्हणताना? रागावली? — म्हणजे काय ‘साधंच म्हणाली’? साधं म्हणणं हीच तिची मोठी तऱ्हा आहे. लहानपणी मी छडी उचलली की ती साधी बघायची. मग छडी जड व्हायची, आणि मी ती जास्तच जोरात मारायची.

थांब, दाभण दे तिकडचं. हात रिकामे असले की मला बोलता येत नाही. ही टोपली रविवारसाठीच आहे, मेरबला पाळक करणार त्या अभिषेकासाठी, तू नाही आलीस तरी मी बसवाल्याबरोबर पाठवणार होते. टोपली झाली, आता झाकण चाललंय. आमच्याकडं टोपलीला टोकदार झाकण हवंच, उघडी टोपली घेऊन कुणी कुणाच्या दारी जात नाही — लोक म्हणतात, आत काही नाही म्हणून उघडी आणली.

माझी मेरब पाळकबाई! तुला हसू येईल, पण मी ऐकलं तेव्हा पहिलं काय आलं तोंडातून? आलं — बाईमाणूस आणि पाळक? आमच्यात बाई उभी राहायची ती पाप कबूल करायला, उपदेश करायला नाही. आणि तुमचं ते चर्च — एकदा आले होते मी तिथं. होय, मी. मेरबलाही ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या बाळंतपणाला कंपालात होते, रविवारी मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून गुपचूप आले. पूर्वी तिथं सिनेमा दाखवायचे ना? अंधार, अंधारात निळे-जांभळे दिवे, आणि ढोल असा की माझ्या बरगड्यांत वाजला. म्हटलं, देव काय बहिरा झालाय? आमच्याकडं आता आठ म्हाताऱ्या आणि एक फुटका नगारा उरलाय, तरी ऐकतो तो. आणि धूर! काही जळत नव्हतं तरी धूर. यंत्राचा? म्हणजे विकतचा धूर! माझ्या चुलीपाशी येऊन बसा म्हणावं, फुकट आहे. आणि पोरींच्या पाठीवर हे लांब केस, दुसरीच्याच डोक्याचे. आमचं तारण झालं त्या दिवशी आम्ही कानातलं काढून टाकलं, केस बारीक केले, ते आजतागायत. तर मी असं सगळं नाक मुरडत बघतेय, आणि ती आली पुढं. मेरब. डोकं बारीक केलेलं. एवढ्या पोरींत ती एकटी. माझ्यासारखं. मी खांबामागं सरकले. काय बोलली विचारू नकोस, मला नाही ऐकू आलं, मी तिचे पाय बघत होते. लहानपणी चार माणसांत बोलायला उभी राहिली की डावं पाऊल उजव्यावर ठेवायची. अजून ठेवते. तेवढं बघितलं आणि निघाले. तुमच्यातल्या एका मुलीनं दारात मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, परत या हं आई. तू होतीस का ती? नाही. असो.

हां, दर्शन. येतेच तिथं. पण त्याआधी तुला ‘उजेडात चालणं’ समजलं पाहिजे, नाहीतर सगळं उलटं ऐकशील. तुमच्याकडं साक्ष द्यायची म्हणजे काय — नोकरी लागली, गाठ विरघळली, परदेशाचा शिक्का मिळाला, हालेलूया. आमच्याकडं साक्ष म्हणजे पाप. मंगळवारी तीन वाजता मंडळी जमायची, एकेकानं उभं राहायचं आणि आठवडाभरात जे केलं ते नावानिशी सांगायचं. शेजारणीच्या घेवड्याच्या शेंगा तोडल्या. नवऱ्याला मनात शिव्या घातल्या. लपवलं तर ते आत सडतं. सांगितलं की मंडळी उठते, गाणं धरते, मिठ्या मारते, आणि तू बाहेर पडतेस ती घासून उन्हात पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी. काय बघतेस अशी? खरंच बरं वाटतं गं. मी खोटं नाही सांगत. माझ्या आईनं मला तशीच वाढवली. आणि लेकरांनाही उभं करायचे. आता हे तुझ्यामाझ्यात — त्यातही चुरस असायची. कुणाचं पोर किती रडलं, कुणाच्या पोराला देवानं काय दाखवलं. पाळकांच्या बायकोचं पोर पाच वर्षांचं असताना रडलं होतं, तिनं ते दहा वर्षं पुरवलं. आणि माझं पोर गप्प. सात वर्षं मागून घेतलेलं, सगळ्या डोंगराला ठाऊक असलेलं पोर — आणि मंडळीत बसलं की गप्प, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. बायका म्हणायच्या, एसेरी, देवानं दिली खरी, पण तिच्याशी बोलतो का तो?

मोबाइल पालथाच आहे ना? बरं.

तर ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी म्हणाली, आई, मला स्वप्न पडलं. सगळी मंडळी चर्चमध्ये बसलीय, छप्पर नाही, वर आभाळ. प्रत्येकाच्या मांडीवर झाकण घातलेली टोपली. आणि वरून एक हात येतो आणि एकेक झाकण उचलतो. कुणाच्या टोपलीत साप, कुणाच्या राख. आणि एरास्टोच्या टोपलीत दारूचा भोपळा, वर नळी खोचलेली. एरास्टो म्हणजे आमच्या दोरोकासीचा नवरा, तारलेला, चर्चमध्ये पुढच्या ओळीत बसणारा. मंगळवारी तिनं उभं राहून हे सांगितलं. मग एरास्टो उठला, आणि हा एवढा गडी, लहान पोरासारखा रडला. म्हणाला, हो, आहे भोपळा, गोठ्यात गवताखाली आहे, रोज पितो. गेला, घेऊन आला, सगळ्यांसमोर दगडावर फोडला. गाणं असं उठलं की खालच्या दलदलीतले बगळे उडाले. मग मेरबला मी डोंगराडोंगरावर नेली. मोठ्या मेळ्याला साबणाच्या खोक्यावर उभी केली, भोंग्यासमोर. किती माणसं त्या टोपल्यांचं ऐकून रडली, किती मटकी फुटली. चहाचा पहिला कप मला द्यायचे. खुर्ची द्यायचे. मेरबची आई आली, मेरबची आई आली — करडाचं कुणाला—

काही नाही. पेज घेतेस अजून?

काय करडू? मी म्हणाले? — नाही गं, तुझे कान वाजले. — बरं, म्हणाले. म्हणाले असेन. तू मोठी टिपणारी आहेस. तुमच्या पाळकांनी निवडून पाठवलीय.

बघ, हे आधी ऐक. सोळाव्या वर्षी तिनं मला सांगितलं, की ते दर्शन तसं नव्हतं. याच ठिकाणी बसलो होतो, ती घेवडा सोलत होती. म्हणाली, आई, मला आता मेळ्याला उभं नाही राहायचं. मी जे सांगते ते मला दिसलं नव्हतं. माझ्या हातातलं सूप खाली पडलं. सात वर्षं ती बोलत होती, सात वर्षं माणसं रडत होती. आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार. मग मी काय करणार? आमचा नियम आहे, उजेडात आणायचं. मी उभी राहिले. सगळ्यांसमोर म्हटलं, बंधू-भगिनींनो, माझ्या घरात खोटं राहिलंय. माझ्या मुलीनं तुम्हाला फसवलं. तिला काही दिसलं नव्हतं. आणि मी गर्व केला, माझ्या गर्वाची मला क्षमा करा. हे मी म्हटलं. मंडळीनं मला मिठ्या मारल्या. मला. तिला कुणी हात लावला नाही. ती भिंतीला टेकून उभी, डावं पाऊल उजव्यावर. तिला वाटलं होतं आपण आईशी बोललोय. आईशी बोललेलं आईपाशी राहतं. राहतं ना? तुझी आई ठेवते? ठेवत असेल. शहरातल्या आया ठेवत असतील.

आठवड्याच्या आत ती कंपालाला मावशीकडं गेली. मी काठी घेऊन हाकलली नाही, ती गेली. आमच्या आजीच्या काळी वाट चुकलेल्या पोरींना तळ्यातल्या बेटावर सोडून यायचे, गवताशिवाय काही नाही तिथं. आम्ही तारलेले, आम्ही ते पाप म्हणतो. मी तर होडी वल्हवतही नेली नाही. नुसती उभी राहिले आणि चार वाक्यं बोलले. झालं बेट.

तेरा वर्षं झाली. नाताळला फोन करते. बरी आहेस का? बरी आहे. पाऊस झाला का? झाला. खोकला? आहे. बस. स्वेटर पाठवते. हा अंगातला तिचाच.

आणि एरास्टो? तो त्या मंगळवारी उठला. म्हणाला, म्हणजे मी एका कार्टीच्या थापेवर सात वर्षं कोरडा राहिलो? हसला. दार उघडून सरळ खालच्या दारूघरात गेला, आणि पुढं दोन वर्षं तिथंच. मग एका पावसाळ्यात दलदलीत सापडला, लव्हाळ्यात तोंड खाली. मी गेले होते, मीच त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. दोरोकासी म्हणाली, माझ्या माणसाला त्या पोरीनं मारलं. अकरा वर्षं दर मंगळवारी दोरोकासी माझ्या शेजारी बसते, आम्हा दोघींची चटई एक, आणि महिन्यातून एकदा तरी ती म्हणते, त्या पोरीनं मारलं. आणि मी —

मी मान हलवते. होय. अशी. मान हलवते.

रडतेस कशाला? तुला काय झालं? अजून तर मी सांगितलंच नाही काही.

करडू. ऐक. मेरबला स्वप्न पडलं होतं. खरंच पडलं होतं, हे देव जाणतो. त्या सकाळी ती धावत आली, तोंड न धुता, आणि म्हणाली, आई, सगळ्यांच्या मांडीवर टोपल्या होत्या आणि वरनं एक हात आला आणि त्यानं आपल्या टोपलीचं झाकण उचललं आणि आत करडू होतं. पांढरं, एका कानाला काळं. आणि ते हसत होतं. आणि त्या हातानं त्याला कानामागं खाजवलं. एवढंच. एवढंच होतं स्वप्न. साप नाही, राख नाही, एरास्टो नाही. आणि ती स्वतः अशी हसत होती सांगताना, सगळे दात, पुढचा एक पडलेला. माझ्याकडं बघत होती. आणि मी काय केलं? मी म्हटलं, करडू हसत नाही. करडू हसतं म्हणालीस तर मंडळी तुला हसेल. नीट आठव. दुसऱ्यांच्या टोपल्यांत काय होतं? ती म्हणाली, त्यांच्या नाही उघडल्या. मी म्हटलं, उघडल्या असणार. आठव. साप होता का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, आठव. मी चिमटा काढला, इथं, दंडाच्या आत, जिथं दिसत नाही. तेव्हा तिला साप आठवला.

आणि भोपळा? आदल्याच दिवशी दोरोकासी माझ्याजवळ रडली होती — नवरा चोरून पितो, गोठ्यात ठेवतो, कुणाला सांगू नकोस एसेरी. तेही आईशी बोलल्यासारखंच होतं बघ, विश्वासानं. मी ते पोरीच्या तोंडात घातलं. तीन दिवस पाठ करून घेतलं, विहिरीवर जाता-येता. करडू काढून टाकलं. तुम्ही त्या मोबाइलवर करता ना, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं? मी मोबाइल नव्हते आले तेव्हाच करायचे.

त्यानं भलंही झालं, हे विसरू नकोस. सात वर्षं दोरोकासीनं मार खाल्ला नाही. ते खोटं आहे का? मी त्यावर पुष्कळ विचार केलाय, दाभण हातात असताना विचारच येतात. देव खोट्यातूनही काम करतो का? करत असेल. त्याची मर्जी. पण मला त्याबद्दल चहा मिळाला आणि लेकराला काय मिळालं?

सोळाव्या वर्षी इथं घेवडा सोलताना ती काय म्हणाली, ते मघाशी मी तुला अर्धं सांगितलं. ती म्हणाली, आई, त्या टोपलीत करडू होतं, आठवतं तुला? मला आता तेच सांगायचंय. एकदाच. उद्या मंडळीत उभी राहून खरं सांगते, मग मला मोकळं वाटेल. ऐकलंस? ती उद्या उभी राहणार होती. ती ‘आई’ म्हणाली असती. म्हणाली असती की आईनं पाठ करून घेतलं, दोरोकासीचं गुपित आईनं दिलं. म्हणून मी — अगं, रात्रसुद्धा नाही लागली मला, तेवढ्यातच ठरलं माझं, सूप खाली पडायच्या आत ठरलं — म्हणून मी तिच्याआधी उभी राहिले. गाणं संपायच्या आत उभी राहिले. तिचा गुडघा उचलला गेला होता, मी तिचा खांदा खाली दाबून उभी राहिले. हा हात. तिचं पाप उजेडात नेलं आणि माझं तिच्या खाली दडपलं.

आणि ती बोलली नाही. हे मला कळत नाही. भिंतीशी उभी होती, तोंड होतं तिला, खरं होतं तिच्याजवळ. नुसतं ‘आईला विचारा’ म्हणाली असती तरी मी कोसळले असते. नाही बोलली. माझं माझ्यापाशी ठेवून गेली. मी तिचं ठेवलं नाही, तिनं माझं ठेवलं, तेरा वर्षं. आणि आता म्हणते, आईला विचारा, आई सांगेल ते.

म्हणजे काय असेल त्याचा अर्थ? तू तिच्याबरोबर काम करतेस, सांग. मी परत खोटं सांगितलं, टोपल्या, साप, भोपळा, तर ते रविवारी पडद्यावर एवढं मोठं येणार, लोक रडणार, आणि ती अभिषेकाला गुडघे टेकून खाली ऐकणार. आणि खरं सांगितलं, तर पाळकबाईच्या अभिषेकालाच तिची आई तिला दुसऱ्यांदा उघडी पाडणार. दोन्हीकडं मीच बोलणार आणि ती ऐकणार. शाबास एसेरी.

काय म्हणालीस? — परत म्हण. कुठल्या भिंतीवर?

लहान मुलांच्या वर्गात. मेरबच घेते तो वर्ग? मला ठाऊक नव्हतं. आणि भिंतीवर करडू. रंगानं काढलेलं. तिनं स्वतः? — पांढरं. कानाला काळं. कुठल्या कानाला? डाव्या. मला नव्हतं ठाऊक कुठल्या, मी विचारलंच नव्हतं. — हसतंय? मुलं विचारतात करडू का हसतं, तर काय सांगते ती? — ‘त्याला कुणीतरी कानामागं खाजवलं म्हणून.’

थांब. बोलू नकोस जरा.

आणि मुलांना म्हणते, जसं दिसलं तसंच सांगा, मोठ्या माणसांनी मध्ये बोलायचं नाही. असं म्हणते? ‘मध्ये बोलायचं नाही.’ बरोबर आहे. बरोबरच आहे. तुमचे दिवे, तुमचा तो विकतचा धूर — असू दे. चालेल. भिंतीला करडू असेल तर धूर चालेल.

आणि तू — तुला हे ठाऊक नव्हतं ना काहीच? चिमटा, भोपळा, तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलेलं? म्हणजे मी परत सांगितलं. बघ. एक पेज पिऊन होईतो मी परत तिचं सगळं उघडं करून ठेवलं, तेही एका परक्या पोरीसमोर, तेही तिच्याच चर्चच्या. जीभ आहे का केरसुणी? ऐक शॅलन, इकडं बघ. हे तुझ्याजवळ आलंय ते तू कुणाच्या साक्षीत घालायचं नाहीस. देवाच्या गौरवासाठीसुद्धा नाही. त्याला दुसरा गौरव पुष्कळ आहे. मेरबला ते कळलेलंही दाखवायचं नाहीस. शपथ नको घेऊस, आमच्यात चालत नाही. नुसती हो म्हण. — हो.

ऐकलंस? टण्. टण्. घंटा नाही ती, ट्रकच्या चाकाची कडी टांगलीय चर्चच्या निलगिरीला. तीन वाजले. दगडानं वाजवते ना, ती दोरोकासीच. दर मंगळवारी तीच वाजवते, म्हणते, मला घरी कोण आहे, मीच बोलावते सगळ्यांना.

रिकाम्या हातानं नको जाऊस, तुझे ते पाळक ओरडतील. मोबाइल सुलटा कर. कर, कर. पण आवाज घ्यायचा नाही. चेहराही नको. हात घे. हे. दाभण चालतंय ते घे, टोपलीचं बूड घे. लोकांना म्हणावं, ही पाळकबाईच्या आईची बोटं, ह्यांनी टोपली केलीय. वर तुमचं ते ढोलाचं वाजवा. झालं? बघू. अगदी म्हातारे दिसतात गं. असू दे.

आणि ही टोपली तूच ने. झाकण? झाकण नाही झालं. नाही, वेळ नाही म्हणून नाही. नकोच झाकण. अशीच दे तिच्या हातात, उघडी. लोक म्हणेनात काय म्हणायचं ते. हे अर्धं झाकण राहू दे माझ्यापाशी.

माझी चप्पल दे ती. दोरोकासीच्या शेजारी बसायचं नाही आज, बसले की मान हलेल. उभीच राहते दारात. दोरोकासी, एरास्टोचा भोपळा पोरीनं नाही बघितला, तो तू मला विश्वासानं सांगितलास आणि मी विकला — हे सांगायला किती शब्द लागतात? मेरबचं नाव न घेता सांगता येतं का ते, हे मला बघायचंय. गाणं उठणार नाही. मिठीही नाही. कडीवर मारायचा दगड तिच्या हातातच असेल. असू दे.

तिला सांग, आई आज उभी — नको. नको सांगूस. काही सांगू नकोस. कळलं तर तिला कळेल, नाही तर नाही. सांगितलं की परत माझीच फुशारकी होईल ती.

परत वाजलं. ऊठ बाई. उतरताना बांधाच्या कडेनं जा, मधली माती निसरडी आहे. मला दार ओढून घ्यायचंय. चल, नीघ.